मीडियम फॉरमॅटवर लांब लेन्स: मामियाला पेंटाकॉन, की सरळ पेंटॅक्स ६७?

घरात मामिया ६४५ (१२० च्या रुंद फिल्मवर ६×४.५ सेंमीची चौकट देणारा मीडियम फॉरमॅट कॅमेरा) आहे आणि गोव्यातल्या करमळीच्या तळ्यावर किंवा चोडणच्या खाजनात, म्हणजे बांध घालून राखलेल्या खाऱ्या सखल शेतजमिनीत, लांब लेन्स लावून बसायची ओढ आहे, अशा माणसापुढे साधारण दोन वाटा असतात. आहे त्याच बॉडीला अडॅप्टर लावून पूर्व जर्मनीच्या पेंटाकॉन सिक्स माउंटची (लेन्स जिथे बसते ती जोडणी) ३०० किंवा ५०० मिमी बसवायची, नाहीतर पेंटॅक्स ६७ हा ६×७ सेंमी चौकटीचा कॅमेरा आणि तिची स्वतःची ३०० मिमी एफ ४ घ्यायची. मी दोन्ही वापरल्या. माझा कौल पहिल्या वाटेला आहे, पण तो सगळ्यांना लागू नाही.

आधी अपेक्षेचं बोलू. ३५ मिमीची सवय असली की ५०० म्हणजे पक्षी चौकटभर येणार असं वाटतं. तसं होत नाही. ६४५ च्या चौकटीत ५०० मिमी ही ३५ मिमीवरच्या साधारण ३१० सारखी दिसते, ३०० मिमी १८५ सारखी. पेंटॅक्स ६७ वर तर ३०० मिमी दीडशेच्या आतच राहते. खंड्याचं पीस न् पीस हवं असेल तर हा नाद सोडा. पण बांधावर उभा बगळा, त्याच्यामागे मानस (खाजनातलं पाणी अडवणारं-सोडणारं दार), त्याहीमागे खारफुटीची रांग, आणि हे सगळे थर एकमेकांजवळ ओढलेले, असं चित्र हवं असेल तर १२० च्या फिल्मची सर दुसऱ्या कशाला नाही.

अडॅप्टर चालणार की नाही हे माउंटपासून फिल्मपर्यंतच्या अंतरावर ठरतं. पेंटाकॉन सिक्सचं अंतर ७४.१ मिमी, मामिया ६४५ चं ६३.३. मधली १०.८ मिमी अडॅप्टर भरून काढतो. पेंटॅक्स ६७ चं अंतर ८४.९५, म्हणून तिच्यावर हीच लेन्स दूरचं फोकस करू शकत नाही. हॅसलब्लाड ५०० सी/एमचं ७४.९, शिवाय तिचं शटर लेन्समध्ये असतं, म्हणजे तीही बाद. आणि कपाटातली निकॉनची जुनी टेलिफोटो? तिला ४६.५ लागतात. जवळच्या फुलापुरती चालेल, तळ्यापलीकडच्या पाणकोंबडीला नाही.

आता माझ्या कौलाचं खरं कारण. अडॅप्टर आला की बॉडी आणि अपर्चर (लेन्समधलं प्रकाश आत सोडणारं छिद्र) यांचा दुवा तुटतो. झाइस येनाची सोनार १८० मिमी एफ २.८ (हिचं मूळ रूप १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकसाठी घडवलेलं) आपल्या मूळच्या पेंटाकॉन सिक्स बॉडीवर अपर्चर आपोआप मिटते, मामियावर ते काम हाताने करावं लागतं. पण पेंटाकॉन ३०० एफ ४ आणि ५०० एफ ५.६ मुळातच प्रीसेट आहेत. अपर्चर ठरवून ठेवायचं, उघडं ठेवून फोकस करायचं, कडं फिरवून मिटायचं आणि शटर दाबायचं. त्यांच्या स्वतःच्या कॅमेऱ्यावरही हेच करावं लागायचं. अडॅप्टरमुळे काही गमवायचंच नसेल तर तडजोड कसली?

पेंटॅक्सकडे मात्र सोय आहे. अपर्चर आपोआप मिटतं, प्रकाश मोजणाऱ्या प्रिझमवर उघड्या लेन्सनेच मोजणी होते, आणि निगेटिव्ह दीडपटीहून मोठं मिळतं. बदल्यात रोलला १० फ्रेम, मामियावर १५. मला खरा त्रास झाला तो आरसा (फाइंडरला चित्र दाखवणारा, शटरआधी वर उचलला जाणारा) आणि शटरच्या धक्क्याचा. लांब लेन्सवर १/१५ च्या आसपास तो चित्रात दिसतोच. आरसा वर अडकवायची सोय असलेलीच बॉडी घ्या, सुरुवातीच्या बॉडींत ती नाही. मामिया १००० एसला ती आहे आणि धक्काही सौम्य.

प्रकाशाचा हिशेब आपल्याकडे महत्त्वाचा. ढगाळ दिवशी उघड्यावर ४०० च्या फिल्मवर एफ ५.६ ला १/५०० मिळतो, खारफुटीच्या सावलीत १/६० सुद्धा कठीण. तिथे ३०० चा एफ ४ कामाला येतो. ५०० मिमी तीन किलोच्या वर जाते. तिला ट्रायपॉड लेन्सच्याच कड्याला लावावा लागतो, आणि पायवाट अरुंद असेल तर ती नकोशी होते.

अडॅप्टर किती अचूक हवा, याची लोक नको तेवढी काळजी करतात. तो ०.१ मिमी जाड निघाला तर ८० मिमी लेन्सचं फोकस ६४ मीटरवरच थांबेल, ५०० मिमीचं मात्र अडीच किलोमीटरपर्यंत जाईल. शिवाय बऱ्याच लांब लेन्स अनंताच्या, म्हणजे सर्वात दूरच्या फोकसच्या, थोड्या पुढेही फिरतात. खरी काळजी आतल्या चकाकीची. पेंटाकॉनच्या ६×६ सेंमी चौकटीसाठी बनलेली लेन्स ६४५ च्या चौकटीबाहेरही प्रकाश टाकते, तो अडॅप्टरच्या चमकत्या भिंतीवरून परततो. माझा करमळीचा एक अख्खा रोल असा धुरकट झाला. मग आत काळा मखमली कागद चिकटवला आणि काळे पुन्हा काळे दिसू लागले.

सूर्यास्तासाठी लेन्स घेत असाल तर एक आकडा लक्षात ठेवा: फिल्मवरचा सूर्य फोकल लेंग्थच्या सुमारे १/१०९ असतो. ५०० मिमीवर ४.६ मिमी, म्हणजे ५६ मिमी रुंद चौकटीत बाराव्या हिश्श्याएवढा. सूर्य पाण्याजवळ येऊन लाल मंद होईपर्यंत फाइंडरमध्ये डोळा लावू नका, आणि तेव्हा आरसाही वर अडकवून ठेवू नका. तापलेला सूर्य शटरच्या पडद्याला भोक पाडतो.

विकत घेताना मागून टॉर्च मारून काच पाहा. आपल्या जून ते सप्टेंबरच्या दमटपणात बुरशी वाढते, आणि एवढ्या मोठ्या काचा साफ करून देणारे हात आता फार कमी उरलेत. सिलिका जेलच्या घट्ट डब्याचा खर्च लेन्सच्या किमतीतच धरा. मामिया हातात असेल तर आधी ३०० घ्या आणि एक हिवाळा तिच्यावर काढा. ५०० हवीच असं तेव्हा वाटलं तर तोच अडॅप्टर चालतो. मामिया नसेल, डोंगर आणि नदी जास्त काढत असाल आणि वजनाचं वावडं नसेल, तर पेंटॅक्स.