शटर एन्कोडर: गरब्याचं चार कॅमेऱ्यांचं फूटेज आणि जागेचा हिशेब

नवरात्रात बडोद्यातल्या मैदानांवर तीन-चार कॅमेरे तासन्‌तास चालू असतात. मग एडिटला बसलं की ४के टाइमलाइन दर कटला अडखळते. खापर मशिनवर फुटतं, पण मूळ कारण फाइलीच्या बांधणीत असतं. एच.२६४ आणि एच.२६५ या व्हिडिओ आवळून साठवायच्या पद्धतींमध्ये सहसा एखादीच फ्रेम पूर्ण साठवलेली असते, मधल्या फ्रेममध्ये नुसते बदल. प्लेहेड मधेच टेकवला की त्या पूर्ण फ्रेमपासून सगळं पुन्हा उलगडत यावं लागतं. त्यातून फूटेज १० बिट ४:२:२ (रंगाचा जास्त तपशील ठेवणारं) एच.२६४ असेल, तर बऱ्याच ग्राफिक कार्डांना ते झेपत नाही आणि सगळा बोजा प्रोसेसरवर येतो.

यावर शटर एन्कोडर हे मोफत सॉफ्टवेअर चांगलं काम करतं. आत एफएफएमपेग हे व्हिडिओ कन्व्हर्ट करणारं इंजिन आहे. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. क्लिपा यादीत ओढायच्या, फंक्शनमध्ये ॲपल प्रोरेस (यात प्रत्येक फ्रेम पूर्ण असते) निवडायचं, शेजारच्या खान्यात प्रोफाइल, म्हणजे फाइल किती जड हवी ते, ठरवायचं आणि सुरू करायचं.

घोळ होतो तो या प्रोफाइलच्या खान्यात. ‘क्वालिटी जायला नको’ म्हणून लोक ४२२ एचक्यू निवडतात. सेकंदाला १०० मेगाबिटने शूट केलेलं ४के तासाला ४५ जीबी घेतं. तेच २५ फ्रेमचं ४के प्रोरेस ४२२ मध्ये तासाला सुमारे २२० जीबी होतं, एचक्यूमध्ये ३३० च्या पुढे. चित्रात काहीच भर पडत नाही, कारण कॅमेऱ्याने टाकून दिलेला तपशील कन्व्हर्ट केल्याने परत येत नाही. शिवाय चार अँगल एकदम चालवायचे तर ४२२ ला सेकंदाला जवळपास २४५ एमबी लागतात. साधी हार्ड डिस्क तिथेच बसते. म्हणजे अडखळणं प्रोसेसरकडून डिस्ककडे गेलं, एवढंच.

त्याऐवजी प्रॉक्सी, म्हणजे फक्त एडिटपुरत्या हलक्या प्रती, काढाव्यात: रिझोल्यूशन १०८० वर आणून ‘प्रॉक्सी’ प्रोफाइल घ्यावं. तासाला १७ जीबी, आणि चार अँगल मिळून सेकंदाला २० एमबीसुद्धा नाहीत. नुसते कट जुळवायचे असतील तर ७२० पुरतं, जागा निम्म्याहून कमी. रंग आणि अंतिम रेंडर मूळ फाइलींवरच करायचं, त्यामुळे प्रॉक्सीत लट (रंग बदलणारी तयार सेटिंग) कायमची बसवू नये.

प्रॉक्सी जोडताना मात्र सॉफ्टवेअर वाचवायला येत नाही. बरेच कॅमेरे कार्डागणिक फाइलींची नावं सी०००१ पासून मोजायला लागतात. सगळं एकाच फोल्डरमध्ये काढलंत तर कुठली क्लिप कुठल्या कॅमेऱ्याची ते कळणार नाही. दर कॅमेऱ्याला, दर कार्डाला वेगळं फोल्डर हवं. मूळ फाइलीत चार ऑडिओ चॅनल आणि प्रॉक्सीत दोनच असतील तर प्रीमियर हे एडिटिंगचं सॉफ्टवेअर प्रॉक्सी जोडायला नकार देतं, म्हणून ऑडिओची सेटिंग आधी पाहावी. उभ्या क्लिपा आडव्यांच्या यादीत घालू नयेत. १९२० बाय १०८० सक्तीने लावलं की एकतर बाजूला काळ्या पट्ट्या येतात, नाहीतर माणसं रुंद होतात. आधी एकच क्लिप काढून, जोडून पाहावी आणि मगच रात्रभराची यादी लावावी.

मोबाइलचं फूटेज हे वेगळंच प्रकरण. फोन फ्रेम रेट स्थिर ठेवत नाही, त्यामुळे लांब टेकमध्ये ढोल आणि टाळ्या हळूहळू सुटत जातात. इथे प्रॉक्सी उपयोगाची नाही: प्रॉक्सीचा फ्रेम रेट स्थिर, मूळचा डळमळता, मग जुळणार काय? अशा क्लिपा फ्रेम रेट बदलायच्या ‘कन्फॉर्म’ पर्यायाने स्थिर ३० वर आणून १०८० प्रोरेस एलटी (४२२ पेक्षा हलकं प्रोफाइल) मध्ये काढाव्यात आणि एडिटमध्ये मूळ म्हणून त्याच वापराव्यात. एलटीला प्रॉक्सीपेक्षा जागा जास्त लागते, पण मोबाइलच्या क्लिपा असतात मोजक्या.

खटकतं ते स्क्रीनचं रूप. उजवीकडे पर्यायांची इतकी गर्दी आहे की नवख्याने चुकीची टिकमार्क केलेली पटकन लक्षात येत नाही. एका यादीला एकच फंक्शन आणि एकच सेटिंग लागू होतं, तेव्हा फोन आणि कॅमेरा यांच्या फेऱ्या वेगळ्या कराव्या लागतात.

डिलिव्हरी झाली की प्रॉक्सी बेलाशक उडवाव्यात, बॅकअपमध्येही घेऊ नयेत. मूळ फाइली आहेत तोवर त्या परत काढता येतात. दाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरवरच काम करणाऱ्यांना त्याच्यासोबत येणारा प्रॉक्सी जनरेटर जास्त सोयीचा पडेल, कारण तो मूळ क्लिपांशेजारीच ‘प्रॉक्सी’ फोल्डर करतो आणि रिझॉल्व्ह ते आपणहून जोडून घेतं. त्यांनी शटर एन्कोडर नुसता मोबाइलच्या क्लिपांपुरता ठेवला तरी चालेल.