पॅरामेडिकचा कोर्स केला, त्याचा खराखुरा रिव्ह्यू

कोर्स संपून आठ महिने झाले, आता रोज अ‍ॅम्ब्युलन्सच्या ड्यूटीवर असते, म्हणून आता लिहितेय. कोर्स चालू असताना सगळं भारीच वाटतं, खरं काय उपयोगाला आलं ते गाडीत बसल्यावर कळतं. इन्स्टिट्यूटचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, कुठेही अ‍ॅडमिशन घेणार असाल तरी काय बघायचं ते यातून समजेल.

सगळ्यात आवडली ती स्किल लॅब. दोन-तीन जणांत एक सीपीआरचा (म्हणजे हृदय थांबल्यावर छाती दाबून आणि श्वास देऊन रक्त फिरतं ठेवायचं, त्याच्या सरावाचा) पुतळा होता, त्यामुळे हात भरपूर चालले. मिनिटाला १०० ते १२० दाब, खोली ५ ते ६ सेंटीमीटर, ३० दाबांनंतर २ श्वास, हे वाचायला एक ओळ आहे, पण प्रत्यक्षात दुसऱ्याच मिनिटाला मनगटं भरून येतात, घाम डोळ्यात जातो, दाब उथळ व्हायला लागतात आणि आपल्याला मात्र वाटत असतं की आपण अजून तसेच देतोय, म्हणून तर दर २ मिनिटांनी माणूस बदलायचा असतो. मॅडम मागे उभ्या राहून एकच ओरडायच्या, "छाती पूर्ण वर येऊ दे!" ती वर आली नाही तर हृदयात रक्त भरणार कसं आणि पुढच्या दाबाला पुढे जाणार काय? आजही कॉलवर मला त्यांचाच आवाज ऐकू येतो. मॉनिटरवर हृदयाची सरळ रेघ दिसली की शॉक द्यायचा हे पडद्यावर बघून डोक्यात बसलेलं, तेही पहिल्याच आठवड्यात निघालं. शॉक व्हीएफला (हृदय नुसतं थरथरत असतं) आणि पल्सलेस व्हीटीला (हृदय फार वेगात चालतं पण नाडी लागत नाही) देतात, सरळ रेघेला सीपीआर आणि अ‍ॅड्रेनलिन.

थिअरी ठीक. एक लेक्चर मात्र लक्षात राहिलं, सरांनी अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या फ्रीडम हाऊस अ‍ॅम्ब्युलन्सबद्दल सांगितलं होतं. १९६७ साली सुरू झालेली, त्याआधी तिथे बऱ्याचदा पोलीसच पेशंटला गाडीत घालून न्यायचे, उपचार वगैरे वाटेत काही नाही. डॉ. पीटर सफार यांनी ज्या कृष्णवर्णीय तरुणांना कोणी नोकरी देत नव्हतं त्यांना शिकवून उभं केलं आणि त्यांनी रस्त्यावर पेशंट वाचवून दाखवले. मी हे काम करू शकेन का, ही माझी शंका त्या दिवशी बरीच कमी झाली.

आता जिथे कोर्स कमी पडला ते. ब्रोशरमध्ये अ‍ॅम्ब्युलन्सचे तास भरपूर दाखवलेले, प्रत्यक्षात त्यातले निम्मे तास हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत फाइली धरून उभं राहण्यात गेले. हे मला खूप लागलं, कारण खरं शिकणं गाडीतच झालं. तिसऱ्याच शिफ्टला छातीत दुखणारे एक काका होते, घामाने ईसीजीचे इलेक्ट्रोड चिकटत नव्हते, पुसून लावले तरी सुटत होते, शेवटी सिनियरने छातीवरचे केस काढून लावले. काकू दारात उभ्या राहून मलाच विचारत होत्या, "काही होणार नाही ना यांना?" आणि मला उत्तरच सुचेना. सिनियर शांतपणे म्हणाले, "काकू, आत्ता आम्ही हृदयाचा पट्टा काढतोय, लगेच निघतोय, तुम्ही यांच्या गोळ्या सोबत घ्या." खोटा धीर दिला नाही, पण त्यांच्या हाताला काम दिलं. असं बोलायला कोर्समध्ये कोणी शिकवलंच नाही.

दुसरं म्हणजे उचलणं. यावर फक्त अर्धा दिवस आणि तोही सपाट फरशीवर! रोज अरुंद जिन्यावरून माणूस खाली आणायचा असतो, या कामात पाठ गेली तर नोकरीच गेली. आणि मनाचं काय? पेशंट गेल्यावर स्ट्रेचर पुसून पुढचा कॉल घ्यावा लागतो, त्यावर एकही सेशन नव्हतं. मला सिनियर चांगले मिळाले, ते गाडी धुताना स्वतःहून विचारतात, सगळ्यांना असे मिळत नाहीत.

करिअर म्हणून विचारत असाल तर मी तरी करा म्हणेन, पण रोज सायरन आणि अपघात असं डोक्यात ठेवून येऊ नका. पडलेली म्हातारी माणसं, दम लागलेले, शुगर उतरलेले असेच कॉल जास्त असतात. शुगर उतरून बेशुद्ध पडलेल्या माणसाला शिरेतून ग्लुकोज दिल्यावर तो काही मिनिटांत डोळे उघडून "काय झालं?" विचारतो, तेव्हा नाईट शिफ्टचा सगळा थकवा जातो हो. पुढे डिस्पॅच (कॉल घेऊन गाड्या पाठवणं), क्रिटिकल केअर, शिकवणं असे रस्तेही आहेत. अ‍ॅडमिशनआधी मान्यतेचे कागद तर बघाच, पण गाडीवरच्या शिफ्ट नक्की किती आणि सोबत शिकवणारा सिनियर असतो का हे मागच्या बॅचच्या मुलांना गाठून विचारा, ऑफिसात विचारून उपयोग नाही.

माझ्याकडून पाचपैकी साडेतीन, लॅब आणि मॅडमसाठी पाच. जिन्याचं मॅडमना जाऊन सांगितलं, त्यांनी मलाच बोलावलंय, नव्या बॅचला येत्या शनिवारी ऐंशी किलोचा पुतळा घेऊन तीन मजले उतरवणार आहोत.