नव्या म्हणून विकलेल्या जुन्या डिस्क : आमच्या संशोधन केंद्राची फसवणूक

गेल्या महिन्यात शेजारच्या जिल्ह्यातील एका महाविद्यालयाने फोन करून विचारले की, संगणक जोडणीच्या कामासाठी अमुक पुरवठादाराचे कोटेशन आले आहे, तुमच्याकडचे काम त्यांनीच केले होते ना? ते कोटेशन मागवून पाहिले, तर आम्हाला २०२४ मध्ये मिळालेल्या कोटेशनशी ते जवळजवळ शब्दशः जुळत होते. म्हणून आमच्या बाबतीत काय घडले, ते तपशिलाने लिहीत आहे.

आमचे छोटे केंद्र आंबोलीच्या घाटमाथ्यावर आहे. २००९ मध्ये स्वतंत्र जाती म्हणून नोंदला गेलेला आंबोली टोड पहिल्या पावसात सड्यावरच्या उथळ डबक्यांत प्रजननासाठी येतो. त्याचे आणि इतर बेडकांचे आवाज टिपण्यासाठी आम्ही पावसाळाभर आठ ध्वनिमुद्रण यंत्रे लावतो. एका यंत्राचे तासाभराचे मुद्रण सुमारे ३४५ एमबी होते, त्यामुळे रोज दहा तासांच्या हिशेबाने आठ यंत्रांची मिळून एका रात्रीत २७ जीबीहून अधिक माहिती जमा होते. इंटरनेट संथ असल्याने ती वर पाठवता येत नाही. ती केंद्रातल्या सर्व्हरवर उतरवायची आणि मेमरी कार्डे पुसून पुन्हा जंगलात लावायची, अशी आमची रीत होती.

मे २०२४ मध्ये आम्ही सर्व्हरसाठी दोन नव्या आठ टीबीच्या डिस्क आणि प्रयोगशाळेपासून निवासापर्यंत संगणक जोडणीची सुमारे सत्तर मीटर केबल, असे काम दिले. पुरवठादार अनेक वर्षांच्या ओळखीचे होते. जुन्या डिस्क परत दिल्यास बिलात सूट देऊ, असे त्यांनी सांगितले आणि आम्ही त्या देऊन टाकल्या. आधीच्या वर्षांच्या मुद्रणाची एक प्रत पुण्यात होती, म्हणून कोणाला काळजी वाटली नाही. डिस्क सीलबंद पिशव्यांत आल्या, तपासणीत चालू तास, म्हणजे डिस्क आजवर किती तास चालली ती नोंद, शून्य दिसले आणि मी पावतीवर सही केली.

सप्टेंबरच्या अखेरीस एक डिस्क बंद पडली. दोन्ही डिस्कवर तीच माहिती एकाच वेळी लिहिली जात होती, त्यामुळे एक गेली तरी दुसरी आहे, असा आमचा समज होता. मात्र दुसरीवरून माहिती उतरवताना तीही जागोजागी वाचेनाशी झाली. दोन्ही एकाच मालातल्या आणि सारख्याच झिजलेल्या होत्या, हे तेव्हा माहीत नव्हते. एकाच खोक्यातली जोडी ही दुसरी प्रत नव्हे, ही चूक मात्र आमचीच. जुन्या डिस्क हाती असत्या, तर पावसाळ्याची निराळी प्रत त्यांवर ठेवता आली असती. जूनच्या पहिल्या रात्रींचे मुद्रण बहुतेक गेले आणि २०२४ चा पहिला पाऊस पुन्हा पडणार नाही.

पुरवठादारांचे म्हणणे होते की, घाटावरच्या वीजपुरवठ्यामुळे डिस्क खराब झाल्या. तेही आम्ही मान्य केले. जानेवारी २०२५ मध्ये मात्र बातमी आली की, जर्मनीत वापरलेल्या डिस्कची तासांची नोंद पुसून त्या नव्या म्हणून विकल्या गेल्या आहेत. डिस्क स्वतःच्या वापराची ‘स्मार्ट’ नावाची नोंद ठेवते; काही डिस्कमध्ये तिच्याशिवाय ‘फार्म’ नावाची आणखी एक नोंद असते आणि ती सहसा पुसलेली नसते. ‘स्मार्टमॉनटूल्स’ या मोफत साधनाने ती वाचता येते. आमच्या दुसऱ्या डिस्कवर ‘स्मार्ट’ नोंद सुमारे ३,३०० तास दाखवत होती आणि ‘फार्म’ नोंद २९,००० हून अधिक. त्या डिस्कने आमच्याकडे येण्यापूर्वीच जवळपास तीन वर्षे अखंड काम केले होते. उत्पादकाच्या संकेतस्थळावर अनुक्रमांक टाकला, तेव्हा वॉरंटी केव्हाच संपलेली निघाली. हे दोन्ही शोध पैसे देण्याआधी दहा मिनिटांत लागले असते.

मग केबलही तपासली. निवासाकडील वायफाय यंत्राला त्याच केबलमधून वीज जात असे आणि ते संध्याकाळी वारंवार बंद होऊन चालू होई. एका इलेक्ट्रिशियनने केबलचा तुकडा सोलून तार ब्लेडने खरवडली. वरचा तांबूस थर निघाला आणि आत पांढरट चकाकणारे अॅल्युमिनियम दिसले. बिलावर शुद्ध तांबे लिहिले होते, प्रत्यक्षात तांब्याचा केवळ मुलामा होता. अशा तारेचा विजेला होणारा रोध तांब्यापेक्षा बराच जास्त असतो, त्यामुळे लांब अंतरावर यंत्राला विजेचा पुरेसा दाब मिळत नाही.

लेखी तक्रार केल्यावर केबल बदलून मिळाली, डिस्कबाबत उत्तर आले नाही. बिलावर अनुक्रमांक लिहून घेतले नव्हते, त्यामुळे याच डिस्क त्यांनी दिल्या हे सिद्ध करणे आम्हाला अवघड गेले. महाविद्यालयाला आम्ही इतकेच कळवले की, प्रत्येक डिस्कचा अनुक्रमांक बिलावर घ्या, दोन्ही नोंदी तुमच्या माणसाने वाचल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका, आणि जुन्या डिस्क कितीही सूट मिळाली तरी देऊ नका.