डबल इलेक्ट्रिक ब्रेस्ट पंप: ७ महिने वापरून (बाळ ३० व्या आठवड्यात जन्मलेलं, ४१ दिवस एनआयसीयू म्हणजे नवजात बाळांच्या आयसीयूत)

पंप सात महिने रोज वापरलाय म्हणून आता लिहितेय. कंपनीचं नाव मुद्दामच देत नाही, कारण माझ्या अर्ध्या तक्रारी सगळ्याच पंपांना लागू होतील.

मुलगी ३० व्या आठवड्यात झाली, १२५० ग्रॅम, जन्मली ती सरळ एनआयसीयूत. आम्ही वडोदऱ्याला, दांडिया बाजारात राहतो. नवऱ्याने घाबरून दुसऱ्याच दिवशी पंप मागवला आणि पहिले तीन दिवस त्याचा उपयोग शून्य. चीक इतका थोडा आणि घट्ट असतो की मशीनच्या, छातीला लावायच्या वाटीलाच चिकटून बसतो. एका सिस्टरने हाताने काढायला शिकवलं, बोटं काळ्या भागाच्या जरा मागे ठेवायची, आधी छातीकडे आत दाबायची मग पुढे आणायची, आणि आलेला थेंब एक मिलीच्या सिरिंजने टिपून घ्यायचा. पाऊण मिली निघालं. मला रडू फुटलं तर ती म्हणाली, "बेन, एने तो हमणां आटलुं ज जोईए." (तिला आत्ता एवढंच तर हवंय.) आणि खरंच, नळीने दिलेला पहिला फीड दोन मिलीचा होता.

चौथ्या दिवसापासून मात्र पंपाशिवाय भागलं नसतं. दिवसरात्र मिळून आठ वेळा, रात्री तीनचा गजर धरून. सोबत आलेली वाटी २४ एमएमची, दहा दिवस नुसती कळ, मला वाटायचं असंच दुखत असेल. २१ ची वेगळी मागवली, दुखणं गेलं आणि दूधही जास्त यायला लागलं. स्तनाग्राचं माप आधी घ्या बायांनो.

तिसऱ्या महिन्यात दूध एकदम ९० वरून ५० मिलीवर. सासूबाईंनी डिंक, मेथी, अळीव, शतावरी, काही सोडलं नाही. शेवटी एनआयसीयूच्या बाकावर ओळख झालेल्या एकीने फोनवर विचारलं, व्हॉल्व्ह बदललास का? बदकाच्या चोचीसारखा पांढरा सिलिकॉनचा तुकडा असतो, त्याची चोच सैल पडली की ओढ कमी होते. नवीन लावला, दोन दिवसांत गाडी रुळावर. माहितीपत्रकात ही गोष्ट शेवटच्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरात! (लाडू वाया गेले नाहीत, नवऱ्याने संपवले.)

ती एनआयसीयूत असताना घरून दूध न्यायचं म्हणजे मे महिना, अॅक्टिव्हा, बर्फाच्या पिशव्यांचा डबा आणि प्रत्येक बाटलीवर नाव-तारीख-वेळ. बाहेर चार तास चालतं म्हणतात ते २५ डिग्रीपर्यंतच्या खोलीत, आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्या भरवशावर राहू नका. फ्रिजमध्ये चार दिवस, तेही दारात नाही, आत मागे.

पण खरं सांगू, सगळ्यात जास्त दूध यायचं ते कांगारू केअर करून उठल्यावर. नुसत्या डायपर-टोपीत ती माझ्या उघड्या छातीवर, वरून ओढणी बांधलेली, आणि मॉनिटरवरचे आकडे हळूहळू शांत होताना दिसायचे. डॉक्टर म्हणाले ही पद्धत १९७८ मध्ये कोलंबियात बोगोटाला सुरू झाली, तिथे इन्क्युबेटर पुरत नव्हते म्हणून. वडीलही करू शकतात, पण आमच्या तिथे नवऱ्याला तीन आठवडे काचेतूनच बघायला लावलं, का तर "नियम". याचा राग अजून गेलेला नाही. शेवटी रात्रपाळीच्या सिस्टरने त्याला शर्ट काढून खुर्चीत बसवलं, तो दीड तास हलला नाही, पाय बधिर झाला तरी.

पोटातले धरून ३४ आठवडे झाल्यावर गिळणं जमायला लागलं, मग पलाडईने, म्हणजे चोचीच्या छोट्या भांड्याने, पाजणं सुरू. सिस्टर ते भांडं मला समजावून सांगत होती आणि सासूबाई मागून, "अगं, हे तर आपलं बोंडलं!" घरी आल्यावर त्यांनी माळ्यावरून चांदीचं काढलंच. मी स्टीलचंच वापरलं, उकळायला सोपं. चांदीच्या बोंडल्याचा फोटो काढला, फॅमिली ग्रुपवर टाकला, विषय संपवला.

बाकी मोटरचा आवाज घर्रघर्र, बॅटरी सहाव्या महिन्यापासून जेमतेम दोन वेळा पुरते. तरी पाचातले चार देईन.

आता नणंदेला पंप हवाय. क्लोज्ड सिस्टीम आहे, म्हणजे दूध मोटरपर्यंत जात नाही, म्हणून मोटर देईन, वाट्या, नळ्या, व्हॉल्व्ह तिने नवीन घ्यायचे. आणि वाटीचं माप मी स्वतः जाऊन घेणार आहे.