बाळोती, पॉकेट डायपर की वापरून टाकायचे?

पाळणा मावशीकडून येतो, झबली-टोपडी आधीच्या भावंडांची चालतात आणि बारशाला इतके कपडे जमतात की निम्मे घालायच्या आतच लहान होतात. हात आखडता असेल तर खरा प्रश्न एकच उरतो, बाळाला बांधायचं काय? नवं बाळ दिवसाला सहज आठ-दहा वेळा ओलं करतं.

वापरून टाकायचे डायपर सोयीचे, यात वाद नाही. पण खर्च दर महिन्याचा. बाळ भराभर वाढतं, त्यामुळे सेल लागला म्हणून सगळ्यात लहान मापाचे पुडे भरून ठेवू नयेत. शिवाय प्रत्येक डायपर कागदात गुंडाळून, वर लाल ठिपका काढून पुण्यात घरोघरी कचरा गोळा करणाऱ्या ‘स्वच्छ’ संस्थेच्या ताईंकडे वेगळा द्यायचा. कचरा त्या हाताने निवडतात, तेव्हा एवढं करायलाच हवं.

पॉकेट डायपर म्हणजे बाहेर वॉटरप्रूफ कापड आणि आतल्या खिशात शोषणारा पॅड असलेला, धुऊन पुन्हा वापरायचा डायपर. त्याचा हिशेब सगळ्यात आकर्षक. एकदाच पैसे घालायचे, धाकट्यालाही होतात. पण आमचं बाळ आषाढातलं. सिंहगड रस्त्याला फ्लॅट, हातभर बाल्कनी, तीही उत्तरेला. आतला जाड पॅड वरून वाळल्यासारखा वाटायचा, मध्ये दाबला की गार लागायचा. आज धुतलेला परवा हाती यायचा, तोही कोंदट वास घेऊन. बाहेरच्या वॉटरप्रूफ कापडावर इस्त्री चालत नाही. त्यात आई बाळाला खोबरेल चोळायची. ते तेल अस्तरात बसलं की कापड शोषेनासं होतं आणि ओल बाजूने बाहेर येते. मग पुन्हा गरम पाणी, पुन्हा धुणं, पुन्हा दोरीवर. ज्यांच्याकडे कपडे वाळवायचं मशीन आहे, त्यांना यात काही वाटणार नाही.

बाळोती दिसायला गरीब. जुन्या धोतराची किंवा मऊ सुती साडीची घरीच फाडलेली. कमी पडली तर तुळशीबागेत तयार लंगोट मिळतात. पण एकेरी कापड पंख्याखाली बघता बघता वाळतं आणि उरलासुरला दमटपणा इस्त्रीने जातो. ओलं झालं की लगेच कळतं, हे रात्री जाचक आणि दिवसा उपयोगी, कारण शू किती वेळा होते हे डॉक्टर विचारतातच. पहिल्या दिवसांतली काळी चिकट शी धोतराच्या तुकड्यावर घ्यावी आणि तुकडा टाकून द्यावा, डाग घासत बसू नये.

धुणं कोण करणार हे मात्र आधी ठरवा. आमच्याकडे ते माझ्या वाट्याला आलं, त्यामुळे माझं मत वाळवण्याकडे जरा जास्तच झुकलेलं असेल. रात्री आणि दवाखान्यात जाताना आम्ही विकतचा डायपर बांधायचो, त्यामुळे छोटा पुडाही बरेच दिवस पुरायचा.

तुमची तारीख दिवाळीनंतरची असेल आणि बाल्कनीत ऊन येत असेल, तर दोन-तीन पॉकेट डायपर घेऊन बघायला हरकत नाही. बाळोत्यांपेक्षा ते कमी वेळा बदलावे लागतात, त्यामुळे थंडीत बाळाचं अंग कमी वेळा उघडं पडतं.