ओस पडलेल्या मॉलमध्ये ऑफिस: दहा महिन्यांनंतरचा अनुभव

आधी निकाल सांगते, मग वाचायचं तर वाचा. ज्यांचं गिऱ्हाईक फोन करून, वेळ ठरवून येतं, त्यांनी ओस पडलेल्या मॉलमधला गाळा खुशाल भाड्याने घ्यावा. ज्यांचा धंदा येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेवर चालतो, त्यांनी फुकट मिळाला तरी घेऊ नये. आणि विकत तर कोणीच घेऊ नये.

मी जीएसटी आणि इन्कम टॅक्सची कामं करते. मागच्या जूनमध्ये ठाण्यातल्या एका मॉलमध्ये दुसऱ्या मजल्यावर गाळा घेतला. मार्चएंड उरकला, आता जरा निवांत आहे म्हणून लिहितेय. मॉलचं नाव मुद्दाम देत नाही. गाळेमालकांचे आपसात वाद चालू आहेत आणि मला अजून तिथेच बसायचंय.

हा मॉल मी भरात असताना पाहिलाय. शनिवार-रविवारी संध्याकाळी पार्किंगची रांग रस्त्यापर्यंत यायची. कल्याण-भिवंडीहून लोक जीप करून यायचे. सरकत्या जिन्यापाशी एक माणूस निव्वळ बायकांना पहिलं पाऊल टाकायला मदत करायला उभा असे. नऊवारीतल्या आज्या त्याचा हात धरून वर जायच्या आणि वर पोचल्यावर लगेच खाली यायला निघायच्या. तळमजल्यावर बिग बझार होतं. २६ जानेवारीच्या सेलला प्लास्टिकचे डबे आणि तांदळाच्या गोण्या घेऊन माणसं रिक्षासाठी भांडत असत. वरच्या मजल्यावर फूड कोर्ट, त्याच्यावर थिएटर. माझ्या मुलाचा तिसरा वाढदिवस तिथल्याच एका पिझ्झाच्या दुकानात झाला, कारण सोसायटीतल्या सगळ्याच मुलांचे तिथे होत होते.

आता त्याच फूड कोर्टात पोलीसभरतीचा क्लास चालतो. काउंटरच्या वरच्या पाट्या काढल्यात, पण अक्षरांचे फिकट ठसे भिंतीवर राहिलेत, त्यामुळे मुलं 'चायनीज'खाली बसून सामान्यज्ञानाचे पेपर सोडवतात.

मॉलशी माझी पहिली गाठ मात्र ठाण्यात पडली नाही. १९९९ साली हाजी अलीला, ताडदेवच्या बाजूला, क्रॉसरोड्स उघडलं. पिरामल समूहाने रोश ही औषध कंपनी घेतली होती, तिच्या जागेवर ते उभं राहिलं. मुंबईतला पहिला आधुनिक मॉल. आम्ही कॉलेजात होतो. गर्दी इतकी लोटली की त्यांनी दारात नियम लावला: मोबाइल किंवा क्रेडिट कार्ड दाखवा आणि आत जा, नाहीतर साठ रुपये भरा. त्या काळी कॉलेजातल्या पोरींकडे मोबाइल कुठला! साठ रुपयांत आम्हा दोघींचं दोन दिवसांचं खाणं झालं असतं. आम्ही बाहेरूनच काचा पाहिल्या, शेजारच्या हिरा-पन्नात शिरलो आणि घासाघीस करून क्लिपा घेऊन परत आलो. पुढे त्या नियमावर बरीच टीका झाली, प्रकरण कोर्टापर्यंत गेलं आणि तो मागे घेतला गेला. नंतर मी तिथे रीतसर गेले, गार हवेत फिरले, काहीही न घेता बाहेर आले. बहुतेक जण तेच करत होते. पहिल्या मॉलची खरी अडचण बहुधा तीच होती.

त्या क्रॉसरोड्सचं पुढे काय झालं ते माझ्यासारख्या आकडेमोड करणाऱ्या बाईला फार बोलकं वाटतं. बिग बझारवाल्या किशोर बियाणींच्या फ्युचर समूहाने ते घेतलं, नाव बदलून सोबो सेंट्रल झालं. तोवर लोअर परळला फिनिक्स मिलच्या आवारात मोठा मॉल फोफावत होता. तिथे जागा जास्त, दुकानं जास्त, थिएटर, खाणंपिणं सगळं एका ठिकाणी. सोबो सेंट्रल त्यामानाने लहान, सुमारे दीड लाख चौरस फुटांचं. दुकानं हळूहळू निघून गेली, बँकेचं कर्ज थकलं आणि २०२४ मध्ये ४७६ कोटींना ते के. रहेजा कॉर्प या बिल्डर कंपनीकडे गेलं. इमारत ओस, तरी किंमत ४७६ कोटी, कारण जमीन हाजी अलीची. शेजारच्या हिरा-पन्नात एसीची हवा, चकाचक फरशी वगैरे थाट कधीच नव्हता, पण परफ्यूम, घड्याळं, मोबाइलची कव्हरं घ्यायला लोक अजून तिथेच जातात. ते काय घ्यायला चाललोत हे ठरवून जातात, फरक तो.

आता आमच्या मॉलकडे येते. इथे आजार वेगळा आहे. बिल्डरने गाळे विकून टाकले. विकताना 'महिन्याला अमुक भाडं घरबसल्या' असं सांगितलं आणि निवृत्त मंडळींनी पीएफ मोडून दोन-दोनशे फुटांचे गाळे घेतले. माझे मालक नाशिकला असतात, समोरच्या गाळ्याचे दुबईत. कपड्याच्या दुकानाशेजारी चप्पल, त्याच्याशेजारी खेळणी, असा विचार करून दुकानं बसवणारा कोणी उरलाच नाही. ज्याला जो भाडेकरू मिळाला त्याला त्याने दिलं. इनऑर्बिट किंवा फिनिक्ससारखे मॉल गाळे विकत नाहीत, भाड्याने देतात, म्हणून कुठलं दुकान कुठे बसवायचं ते त्यांच्या हातात राहतं. आमचं झालंय एकत्र कुटुंबाच्या विहिरीसारखं: पाणी सगळ्यांना हवं, गाळ उपसायला कोणी तयार नाही.

बाकीचे घाव बाहेरून बसले. २०१३ मध्ये ठाण्यातच विवियाना हा मोठा मॉल उघडला आणि तरुण गर्दी तिकडे वळली. मग मेट्रो ४चं काम घोडबंदर रोडवर सुरू झालं आणि वर्षानुवर्षं बॅरिकेड पडले. मार्च २०२० मध्ये मॉल बंद झाले, ते राज्यात ऑगस्टमध्ये उघडले, थिएटरं नोव्हेंबरमध्ये. पुढच्या एप्रिलमध्ये पुन्हा कुलूप, आणि ऑगस्ट २०२१ मध्ये उघडले तेव्हा लशीचे दोन्ही डोस झालेल्यांनाच आत प्रवेश. आमच्याकडचं थिएटर त्यानंतर उघडलंच नाही. २०२२ च्या सुरुवातीला फ्युचर समूहाची दुकानं बंद झाली आणि तळमजल्याचा मोठा गाळा अंधारात गेला. एकदा तळमजला गेला की वरचे मजले चढायला कारणच उरत नाही. हे काही एकट्या ठाण्याचं रडगाणं नाही. नाईट फ्रँक या मालमत्ता सल्लागार कंपनीच्या २०२४ च्या अहवालात आठ मोठ्या शहरांत चाळीस टक्क्यांहून जास्त जागा रिकामी असलेली ६४ शॉपिंग सेंटर मोजली आहेत.

आता वापराबद्दल.

भाडं: रस्त्यालगतच्या गाळ्याच्या निम्म्याहूनही कमी. हेच आमिष आहे आणि ते खरं आहे. पण मेंटेनन्स कार्पेटवर, म्हणजे आतल्या प्रत्यक्ष जागेवर नाही, तर कॉरिडॉर-जिन्यांचा वाटा धरलेल्या सुपर बिल्टअपवर लागतो. मॉलमध्ये हा वाढीव वाटा, म्हणजे लोडिंग, भरमसाट असतं, म्हणजे आत पाऊल टाकल्यावर जेवढी जागा दिसते त्याच्या दीडपट-पावणेदोनपट जागेचे पैसे. त्यावर जीएसटी वेगळा. ब्रोकर हे बोलताना घाईघाईत उरकतो. करार करताना मेंटेनन्स मालक भरणार की तुम्ही, हे स्वच्छ लिहून घ्या, आणि मागची थकबाकी कोणाची तेही. लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे भाड्याचा करार, रजिस्टर करायचा कंटाळा करू नका. महाराष्ट्रात ते बंधनकारक आहेच, शिवाय जीएसटीच्या नोंदणीसाठी पत्त्याचा पुरावा म्हणून तोच लागतो.

एसी: सगळ्या मॉलला गार हवा पुरवणारं मध्यवर्ती यंत्र, चिलर, बंद आहे. काही वर्षांपूर्वी दुरुस्तीचा खर्च काढला, तो ऐकून सभा तहकूब झाली. आता जो तो आपापला स्प्लिट एसी बसवतो आणि त्याचं आउटडोअर युनिट कॉरिडॉरमध्ये सोडतो. परिणाम असा की गाळ्यात गारवा आणि बाहेरच्या मार्गिकेत भट्टी. मॉलला खिडक्या नसतात, हे राहायला गेल्यावरच लक्षात येतं. मे महिन्यात कॉरिडॉरमधून टॉयलेटपर्यंत जाऊन येणं म्हणजे शिक्षा.

सरकते जिने: दोन्ही बंद. लोक त्यावरून चालत जातात, पण एक गोष्ट लक्षात घ्या: सरकत्या जिन्याची पायरी साध्या जिन्याहून उंच असते आणि वर-खाली टोकाला तिची उंची बदलत जाते. पाय अंदाजाने पडतो आणि फसतो. माझ्याकडे येणाऱ्या ज्येष्ठ नागरिकांना मी फोनवरच सांगते, मागच्या बाजूची मालाची लिफ्ट वापरा. ती सुरू असते, कारण वरच्या मजल्यावरच्या जिमवाल्याने तिच्या देखभालीचा करार स्वतःच्या खिशातून चालू ठेवलाय.

पाऊस: मधल्या चौकावरचं काचेचं छप्पर गळतं. जुलैत खाली निळी पिंपं मांडलेली असायची. माझ्या गाळ्यात पाणी आलं नाही, पण फॉल्स सीलिंगला डाग पडला आणि फायली मी जमिनीपासून वर उचलून ठेवल्या. शेवटच्या मजल्यावरचा गाळा घेऊ नका, एवढंच.

पार्किंग: उत्तम. ठाण्यात हे वाक्य लिहायला मिळणं हीच चैन.

स्वच्छतागृह: दुसऱ्या मजल्यावरचं आम्ही सात-आठ गाळेवाल्यांनी वर्गणी काढून चालवतो. मावशी सकाळी येतात, साबण आम्ही आणतो. पहिल्या मजल्यावरच्याला कुलूप आहे.

शोधून येणं: नकाशात मॉलचं नाव टाकलं की 'कायमचं बंद' असं दिसायचं. नवे क्लायंट गेटवरून फोन करायचे, मॅडम, हे तर बंद आहे. मी आता दारातला फोटो आणि बाण काढलेला नकाशा आधीच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवते.

शेजार मात्र मनापासून आवडला. डेंटिस्ट, अबॅकस, चारधामच्या यात्रा काढणारे, वधू-वर सूचक मंडळ, ब्लाउज शिवणाऱ्या एक ताई, ज्यांच्याकडे रांग असते. कोणालाही रस्त्यावरचं गिऱ्हाईक नकोय. सगळ्यांकडे माणूस वेळ घेऊन येतो. दुपारी तीनच्या चहाला आम्ही कॉरिडॉरमध्ये खुर्च्या काढतो. मालाडच्या कुठल्या मॉलमध्ये हे चालवून घेतील? पावसाळ्यात सकाळी आसपासच्या सोसायट्यांमधले आजी-आजोबा पहिल्या मजल्यावर चालायला येतात. कोरडी फरशी, गाड्या नाहीत, कुत्री नाहीत. वॉचमन काका त्यांच्यासाठी सात वाजताच बाजूचं दार उघडतात. त्यातले तिघे आता माझे क्लायंट आहेत, पेन्शनचं रिटर्न भरायला.

चांगलं-वाईट इतकं सांगितलं, पण एका बाबतीत मी गंभीर आहे: आग. २२ ऑक्टोबर २०२० च्या रात्री मुंबई सेंट्रलजवळच्या सिटी सेंटर मॉलला आग लागली, ती विझवायला ५६ तास लागले. २५ मार्च २०२१ च्या रात्री भांडुपच्या ड्रीम्स मॉलमध्ये आग लागली. तिसऱ्या मजल्यावर हॉस्पिटल होतं, कोविडचे पेशंट दाखल होते, त्यातले काही दगावले. हजारेक गाळ्यांचा मॉल, कारभार प्रशासकाच्या हातात. त्या बातम्या तेव्हा वाचल्या होत्या. इथे गाळा घेतल्यावर त्या वेगळ्या कळल्या. जिथे चिलरचे पैसे जमत नाहीत तिथे पाण्याच्या पंपाचे कुठून जमणार? ओस पडलेल्या मॉलमध्ये रिकाम्या गाळ्यांचं गोडाऊन होतं, थर्माकोल आणि खोकी छतापर्यंत चढतात आणि जिन्याच्या दाराला चोरीच्या भीतीने साखळी पडते.

त्यामुळे टोकन देण्याआधी हे करा. दुपारी नाही, संध्याकाळी सातनंतर जागा पाहायला जा. आपल्या मजल्यावरचे दोन्ही जिने स्वतः उतरून रस्त्यावर बाहेर पडता येतं का ते बघा. जिन्याजवळच्या शाफ्टमध्ये, म्हणजे पाइपांच्या उभ्या कपारीत, आग विझवायचा होजपाइप आहे का, की नुसतं लाल कपाट आहे, ते उघडून पाहा. आणि मॉलच्या ऑफिसात जाऊन फॉर्म बी मागा. महाराष्ट्रात अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचं हे प्रमाणपत्र परवानाधारक एजन्सीकडून दर जानेवारीत आणि जुलैत घ्यावं लागतं. 'फाइल सेक्रेटरींकडे आहे, ते बाहेरगावी गेलेत' असं उत्तर मिळालं तर काय समजायचं ते समजा.

आमच्याकडे शाफ्टमध्ये पाइप आहेत, पंप रविवारी चालवून पाहतात हे मी स्वतः पाहिलंय. मागच्या जिन्याची साखळी आम्ही भाडेकरूंनीच अर्ज करून काढायला लावली. जानेवारीचा फॉर्म बी मात्र अजून डोळ्यांनी पाहिलेला नाही.

करार जूनमध्ये संपतोय. नाशिककर काका पाच टक्के वाढ मागतायत. मी त्यांना लिहिलंय, वाढ देते, पण मेंटेनन्सच्या भरलेल्या पावत्या आणि फॉर्म बीची प्रत आधी पाठवा. पावत्या आल्या. प्रतीसाठी त्यांनी सेक्रेटरींना फोन केलाय म्हणे. तोवर समोरच्या रस्त्यावरचा एक दुकानाचा गाळाही बघून ठेवलाय. भाडं अडीचपट आहे आणि पार्किंग नाही.