कॉम्बी बॉयलर आल्यावर थंड पडलेलं कपाट: ८० वॉटच्या हीटरचे सात महिने

ब्रिटनमधल्या जुन्या घरात गरम पाण्याची तांब्याची टाकी काढून कॉम्बी बॉयलर (टाकीशिवाय, लागेल तेव्हाच पाणी तापवणारा) बसवला की जागा मोकळी होते आणि एअरिंग कबर्ड, म्हणजे टाकी असलेलं कपडे सुकवायचं कपाट, थंडगार पडतं. फोम लावलेली टाकीही दिवसाला दीड-दोन युनिट उष्णता गळत असायची, टॉवेल त्याच उबेवर सुकायचे. ८० वॉटचा दोन फुटी ट्यूब्युलर (नळीच्या आकाराचा) हीटर चोवीस तास चालला तर १.९२ युनिट, म्हणजे जवळपास तेवढीच ऊब. युनिटला २५ पेन्सच्या दराने दिवसाला ४८ पेन्स. हे जास्तच आहे, म्हणून सगळी धडपड हा आकडा खाली आणण्याची.

जोडणी सोपी. टाकीतल्या इमर्शन हीटरची (पाण्यात बुडवलेल्या विजेच्या हीटरची) वायर कपाटात असतेच; इलेक्ट्रिशियनकडून तिच्यावर फ्यूजवालं कनेक्शन युनिट (हीटर थेट जोडायचा, फ्यूज असलेला भिंतीवरचा डबा) बसवून आत ३ अँपिअरचा फ्यूज घालून घ्यावा. एक्स्टेंशन बोर्ड आत सरकवून भागवू नये. हीटर तळाशी, वर जाळीचं कव्हर, त्यावर लाकडी पट्ट्यांचे कप्पे. कव्हर टाळू नका: नळी चटका बसेल इतकी तापते आणि घसरलेला टॉवेल थेट तिच्यावरच पडतो.

डोकं फिरवलं ते थर्मोस्टॅटने. अशा हीटरसाठी मिळणारे बरेच थर्मोस्टॅट गॅरेजमधलं पाणी गोठू नये एवढ्यासाठी केलेले असतात. घरात १८ अंश असताना ते हीटर सुरूच करत नाहीत. जास्त तापमानाचा घेतला आणि तळाशी लावला, तर तो हीटरचीच धग मोजून लवकर बंद पडतो, वरचा कप्पा गारच. मग लांब वायरचा सेन्सर मधल्या कप्प्यावर टांगून २७ अंशांवर ठेवला. पहिले दोन महिने हाच उपाय योग्य वाटला.

हिवाळ्यात मत बदललं. ओले कपडे सुकताना हवा गार करतात, त्यामुळे २७ अंश कधी येतच नाहीत आणि हीटर दिवसभर चालू राहतो. म्हणजे वीज वाचवायला घेतलेली वस्तू नेमकी गरजेच्या दिवशी काहीच वाचवत नाही! इथे मोजायचं ते तापमान नव्हे, दमटपणा. साध्या टायमरने ८ तास चालवलं तर ०.६४ युनिट, १६ पेन्स. थर्मोस्टॅटवर पैसे घालू नका, त्यातल्या थोड्याशा पैशांत आर्द्रतामापक येतो.

अपेक्षाही माफक ठेवा. ५ किलो सुती कपडे मशीनमध्ये मिनिटाला १४०० फेऱ्यांवर पिळल्यावरही त्यांत अंदाजे अडीच लिटर पाणी उरतं, आणि एक लिटर उडवायला ०.६८ युनिट लागतं. म्हणजे नुसत्या बाष्पीभवनालाच १.७ युनिट, त्यात दारातून जाणारी ऊब धरलेली नाही. पूर्ण ओला ढीग या हीटरचं काम नाही. मशीनमध्ये आणखी एकदा पिळून काढणं फार स्वस्त पडतं; कपाटात न्यायचे ते दांडीवर जवळपास सुकलेले कपडे.

ऊब टिकावी म्हणून दाराच्या फटी बुजवणं ही मोठी चूक. वाफ आतच राहते आणि बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या चादरींना बुरशीचा वास येतो. दार खालून २ सेंटिमीटर कापावं, वर जाळी बसवावी, मागे ५ सेंटिमीटर मोकळे ठेवावेत. आर्द्रता ६५ टक्क्यांवरून उतरतच नसेल तर हीटर वाढवू नका, कप्पे अर्धे रिकामे करा. वाफ शेवटी जिन्यात येते, तिथली खिडकी बोटभर उघडी हवी.